जिवतीच्या नैवेद्याची पोळी

आमची रागिणी भाजीवालीला दंडवत घालते आणि माझ्या देवाला नाही.

मेथीची जुडी घेतली की दोन्ही हात जोडून, मान वाकवून, "दंडवत." दूधवाल्याला दंडवत. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्या माणसाला दंडवत. तो बिचारा पहिल्या दिवशी मागं वळून पाहत होता, आपल्या पाठीशी कोणी साहेब उभा आहे की काय म्हणून. आणि माझ्या देव्हाऱ्यासमोरून ही बाई अशी जाते, जसं बसस्टँडवरच्या जाहिरातीसमोरून जावं. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, सगळे तिथं बसलेले. चाळीस वर्षं मी त्यांना धुऊनपुसून जागेवर ठेवते. ती त्यांच्याकडं पाहते, पाहत नाही असं नाही. पण हात जोडत नाही, तीर्थ घेत नाही, प्रसादाचा दाणा तोंडात घालत नाही. आमच्या चांदूर रेल्वे गावात माझं तोंड किती चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाया विचारायच्या, "मैनाबाई, तुमच्या पोरीचं हे काय नवीन?" तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसायचं, आणि मला उत्तर नसलं की अन्न पचत नाही.

नवीन म्हणजे दीड वर्षापासूनचं. रागिणी अकोल्याला दिली होती. जावयाचं नाव गोवर्धन. बी-बियाण्याचं, खताचं दुकान, घरचं बरं, बोलणं तर असं की ऐकणाऱ्यानं पाट टाकून बसावं. तो तिला मारायचा. पहिल्यांदा आली तेव्हा दंड निळा होता. दुसऱ्यांदा कानातून रक्त आलं होतं. दोन्ही वेळा मीच तिची समजूत काढली, डब्यात लाडू घातले आणि तिला गाडीत बसवून दिलं. सूर्यभानजी, म्हणजे माझे मालक, तेव्हा हयात होते. ते म्हणाले, राहू दे तिला. मी म्हटलं, तुम्हाला काय समजतं. मूल झालं नाही तिला. मी म्हणते ते एक बरं झालं. रागिणी तसं म्हणत नाही.

तिसऱ्यांदा ती माघ महिन्यात एका सोमवारी दुपारी अकोल्याहून निघाली आणि माझ्या दारात गुरुवारी संध्याकाळी उभी राहिली. अकोला ते चांदूर, कितीही वेळ धरला तरी एका दुपारचं काम. तिला तीन दिवस लागले. कुठं होती विचारलं, तर म्हणाली, "होती एका ठिकाणी." दीड वर्षात मी हा प्रश्न किती रीतीनं विचारला असेल. रागावून, लाडानं, ती झोपेत असताना, तापात असताना. उत्तर तेच.

मग हे दंडवत सुरू झालं, आणि वर्षभरानं तिनं महानुभावांचा उपदेश घेतला. आमच्या वऱ्हाडात हे लोक पुष्कळ. रिद्धपूर त्यांचं मोठं ठिकाण. ते एकच परमेश्वर मानतात. बाकी देवतांना हात जोडायचे नाहीत, त्यांना दाखवलेला नैवेद्य खायचा नाही. नियम म्हणजे नियम. रागिणी पहाटे उठून भिंतीकडं तोंड करून नामस्मरणाला बसते आणि मी गोधडीतून एक डोळा उघडून पाहते. नुसती बसते. ना घंटी, ना उदबत्ती. मला वाटायचं, यात पाहण्यासारखं काही तरी असेल जे मला दिसत नाही.

कारण पोरगी सुधारली, हे तर दिसत होतं. आली तेव्हा ताटावरचं झाकण पडलं तरी दचकायची. आता अमरावतीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. लोक शेतातली माती पिशवीत बांधून आणतात, ही त्यातला खार मोजते, त्यांनाही दंडवत घालते. झोपते, हसते, माझ्या सुनेशी, आरतीशी, चेष्टा करते. हे सगळं त्या देवानं केलं की माझ्या हातच्या जेवणानं, एवढंच मला ठरवायचं होतं.

श्रावण लागला आणि उत्तमराव आले. उत्तमराव म्हणजे रागिणीचे सासरे. कपड्याला इस्त्री, आवाज मऊ. चहा घेतला आणि म्हणाले,

"विहीणबाई, महालक्ष्म्या जवळ आल्या."

"दरसालच येतात, गणपतीच्या मागून."

"मोठी सून घरात नाही. मागच्या साली शेजारची बाई बोलावून लक्ष्मी घरात घेतली. बरं दिसत नाही ना."

"मंग लोकाइले दाखवू नका."

ते हसले. "तसं नाही. धाकट्याचं, शिवमचं जमून राहिलं. पोरीकडचे लोक महालक्ष्मीच्या जेवणाले येणार. मोठी सून घरात हाये एवढं त्याइले दिसलं म्हणजे झालं. तीन दिवस फक्त. गोवर्धन बोट लावणार नाही, माहा शब्द."

"इतके वर्ष कुठी होता तुमचा शब्द?"

त्यांनी कप बशीत फिरवला. मग तुपात बोट बुडवावं तसं हळूच म्हणाले, "आमी तरी कुठी काही विचारलं, मैनाबाई? घर सोडल्यावर तीन दिवस पोरगी कोणाच्या घरी होती, हे आमी विचारलं का कोणाले? आता सोयऱ्यांनी विचारलं तर आमी काय सांगाव, तुमीच सांगा."

मला माहीत असतं तर त्या माणसाला मी तिथंच सोलून काढलं असतं. पण मलाच माहीत नव्हतं. उत्तर नसलं की माणूस गडबडीत शब्द देऊन बसतो. मी म्हटलं, "पाठवतो तीन दिवस."

संध्याकाळी रागिणी आली. ओढणीवर मातीची धूळ. मी सांगितलं. तिनं आधी हात धुतले, पुसले.

"मी नाही जात."

"तीनच दिवस. शेवटचं समज."

"आई, लक्ष्मी घरात घ्याची म्हणजे तिले हात जोडा लागते, तिची पूजा करा लागते. मी करत नाही."

"मनातून नको करू. वरून कर. काय जाते तुहं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आमच्या विहिरीला पाणी किती आहे हे वाकून पाहतात, तसं. "काय जाते ते तुले माहीत नाही," म्हणाली आणि आत गेली.

आरती भांडी लावत होती. ती म्हणाली, "आई, ताईंना नका पाठवू."

"तुले विचारलं?"

"नाही. म्हणून सांगून राहिली."

सूनही अशी मिळाली.

मला खटकलं ते वेगळंच. ही म्हणाली असती, तो मारतो, मी जात नाही, तर मला कळलं असतं. पुढं उत्तमरावांशी कसं भांडायचं तेही सुचलं असतं. पण मध्ये देव कशाला आणला? हा देव खरा आहे, की ऊन लागू नये म्हणून डोक्यावर धरलेली छत्री? छत्री असली तर तीन दिवस मिटून ठेवता येते. खरा असला तर मग प्रश्न वेगळा. मी चार दिवस याच विचारात. देवासमोर वात वळताना तेच, दळण आणायला गेले तरी तेच. शेवटी ठरवलं, पाहूनच घेऊ.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडं जिवती असते. जिवती म्हणजे लेकराबाळांची राखण करणारी. तिचा कागद देव्हाऱ्याशेजारी लावायचा, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा, मुलांना ओवाळायचं. रागिणी आणि अमोल, माझी दोन मुलं. दोघं जन्मल्यापासून माझा एक शुक्रवार चुकलेला नाही. उपदेश घेतल्यापासून घरात एक रीत पडली होती. नैवेद्य दाखवायच्या आधीच आरती रागिणीच्या पोळ्या बाजूला काढून कटोऱ्याखाली झाकून ठेवायची. मी कुरकुरायचे, पण मोडायचे नाही.

त्या शुक्रवारी मोडलं. काढून ठेवलेल्या दोन पोळ्या मी अमोलच्या ताटात वाढल्या आणि जिवतीला दाखवलेल्या दोन, वरचं तुळशीचं पान काढून, कटोऱ्याखाली ठेवल्या. आरतीलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी रागिणी जेवायला बसली. मी समोर, गवारीच्या शेंगा मोडत. तिनं पोळी तोडली, तुपात बुडवली, खाल्ली. मी वाट पाहत होते. घास अडकेल, उचकी लागेल, तिचा देव काही तरी खूण देईल. तीस शेंगा मोडून झाल्या. काही नाही. पहिली पोळी संपली, दुसरीही अर्धी झाली. म्हणाली, "पुरण मस्त जमलं आज."

"जमणारच. जिवतीनं खाल्लं आधी."

तिचा हात थांबला.

"नैवेद्याची हाये ते," मी म्हटलं. "खाल्ली तू. काय झालं? आभाळ पडलं का? मंग महालक्ष्मीसमोर दोन हात जोडल्यानं तरी काय होणार हाये?"

मला वाटलं ती भांडेल. मी भांडणाची तयारी करून बसले होते. पण तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि तिचे डोळे ताटावर गेले, मान खाली गेली, दोन्ही हात मांडीखाली. अकोल्याहून आली तेव्हा अशी बसायची. वर्षभरात तसं बसणं मी पाहिलं नव्हतं.

"कावून, आई?"

"पाहाचं होतं मले."

"काय पाहाचं होतं?"

"तुहा देव खरा हाये का थे."

ती ताटाकडंच पाहत बोलली. "तिथी तो माह्या ताटात मीठ ओतायचा. मुठीनं. अन् समोर बसायचा, संपव म्हणायचा. जेवताना मी आधी सगळं बोटानं उलटून पाहो. इथी आल्यावर ती सवय सुटाले मले सहा महिने लागले. हे एक ताट होतं आई, जिथी मी न पाहता जेवो."

आरती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात उलथनं होतं, ते तिनं हळूच खाली ठेवलं.

"हे तू मले कधी सांगतलं नाही," मी म्हटलं.

"मिठाचं नाही सांगतलं. दुसरं सांगतलं होतं. दिवा लागला की तो देव्हाऱ्याखाली खुर्ची टाकून बसायचा. आधी देवाच्या पाया पड, मंग माह्या. डोकं टेकलं की मानेवर पाय ठेवायचा. दुकानात दिवस चांगला गेला असला तर लवकर उचलायचा. हे पुरं नाही सांगता आलं मले. फोनवर एवढंच म्हटलं होतं, आई, तो रोज पाया पडाले लावते. तू म्हटलं, पड मंग. काय जाते तुहं."

आठवलं मला. लसूण सोलत होते मी. फोन खांद्यात धरून, कानाशी दाबून. लसूण चांगला होता, मोठ्या पाकळीचा, हेही आठवलं.

आणि दुसरंही आठवलं, जे तिनं काढलं नाही. दोन वर्षांमागं धोंड्याचा महिना आला होता. त्या महिन्यात जावयाला नारायण मानतात. गोवर्धनला मी पाटावर बसवलं, परातीत त्याचे पाय धुतले, पदरानं पुसले, तेहतीस अनारसे दिले आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं. रागिणी मागं तांब्या धरून उभी होती. मी म्हटलं होतं, नीट धर, पाणी सांडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी रागिणीनं काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी खाल्लं. मला वाटलं होतं ती माझ्याशी बोलणार नाही. तर सकाळी नेहमीसारखी समोर आली, हात जोडले, "दंडवत, आई," म्हणाली आणि गाडीला गेली. ते मला जास्त लागलं. संध्याकाळी जेवायला बसली तेव्हा भाकरी उचलून तिनं खालची बाजू पाहिली. मला दिसू नये अशा रीतीनं पाहिली. मला दिसलं.

डोळे दाखवायला अमरावतीला जाते, असं सांगून मी घरातून निघाले. अमरावतीला उतरून रिद्धपूरची गाडी धरली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत जागा मिळत नाही. एका टोपलीवर टेकून गेले. रागिणीच्या फोनवरच्या बोलण्यात एक नाव ऐकलेलं होतं, शकुनबाई. तेवढंच धरून निघाले होते.

गाव कसं असेल याची मी पुष्कळ चित्रं केली होती. निघालं साधं. दुकानं, गल्ल्या, आणि जागोजागी आश्रम. एका देवळात आधी डोकावले. मूर्ती शोधली. समोर ओटा होता, त्यावर फुलं, अत्तराचा वास. माणसं येत होती, ओट्याला कपाळ लावून बाजूला बसत होती. कोणी काही मागताना दिसलं नाही. आमच्या देवळात माणूस आला की त्याच्या तोंडावरून कळतं, याला पोरगा पाहिजे, याला पाऊस पाहिजे. इथं काही कळेना. मी हात जोडले नाहीत. माझे देव घरी आहेत.

शकुनबाई एका आश्रमाच्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, फिकं लुगडं, समोरचे दात नाहीत. मला पाहून हात जोडले. "दंडवत."

"मी तुमच्यातली नाही."

"दिसून राहिलं. म्हणून काय दंडवत करू नाही?"

मी बसले. "रागिणीची माय हाये मी. माती तपासते ते."

"वळखलं. नाक तेच हाये."

"तुमी काय केलं माह्या पोरीले?"

"काय केलं म्हणता?"

"थे मी तुमाले विचारून राहिली. अकोल्याहून निघाली, तीन दिवस गेले, अन् घरी आली ते असं दंडवत घेऊनच. ते तीन दिवस पोरगी इथी होती?"

"होती." त्यांनी एक खडा अंगणात फेकला. "अमरावतीच्या गाडीत माह्या बाजूले येऊन बसली. पायात चप्पल नोती. मी दंडवत केला. आमी सगळ्याइलेच करतो, जीव म्हणून. तिनं मागं वळून पायलं. मंग मले म्हणते, आजी, तुमी चुकल्या, मी ते नोहो. मी म्हटलं, कोण नोहो? तर रडाले लागली. उतरल्यावर कुठी जातं म्हटलं, तर सांगेना. माय हाये का म्हटलं. तर म्हणे हाये, पण ते वापस पाठवते. म्हणून मी इथी आणली."

ओसरीखाली एक बकरी बांधलेली होती, ती माझ्या पदराकडं तोंड करत होती. मी पदर ओढून घेतला. त्याला वेळ लावला.

"अन् तीन दिवस काय केलं?"

"झोपली."

"अन्?"

"थोडंसं जेवली. ताट उलटून पाहे आधी."

"अन्?"

"एक गोष्ट विचारली. नवरा परमेश्वर असते का? मी म्हटलं, नाही. जीव असते. तू जीव, मी जीव, हे बकरी जीव, तसा तो. परमेश्वर एकच, अन् तो कोणाच्या मानेवर पाय ठेवत नाही. ऐकलं अन् झोपली. संध्याकाळी उठली, पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी म्हणे, आता मी मायकडे जातो. वापस पाठवलं तरी आता मी जाणार नाही. मी बसमध्ये बसवून दिली."

"एवढंच?"

"एवढंच. तुमाले मोठं काही पायजे होतं का?"

पाहिजे होतं. दीड वर्ष मी मनात किती काय रचलं होतं. मंत्र, अंगारा, कोणी महाराज, आणि उत्तमरावांच्या बोलण्यानंतर तर नको नको ते. आणि निघालं काय, तर एका म्हाताऱ्या बाईनं एका प्रश्नाला तीनदा नाही म्हटलं. मी सहज बोलता बोलता 'नाही' शंभरदा म्हणते. पण तिला जिथं लागत होतं तिथं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

मी थोडी डाळ माझ्याकडं ओढून निवडायला लागले. हात मोकळे असले की मला विचारायला जड जातं.

"अन् चुकून कोणी तिले देवतेच्या नैवेद्याचं चारलं, तर? पाप लागते तिले?"

"चुकून?"

"चुकून."

"चुकून असलं तर काही नाही. नाम घ्याव, देवाले सांगाव, झालं."

"अन् जाणून चारलं तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे बारीक, पण सगळं दिसणारे. "तरी खाणारीले काही नाही. तिले कुठी माहीत होतं."

मग दोघी डाळ निवडत बसलो. सूप संपत आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चारणारीचं तुमी विचारलं नाही, म्हणून मी बोलली नाही."

"नाही विचारलं," मी म्हटलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

महालक्ष्म्या घरात यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, दारात पांढरी गाडी थांबली. उत्तमराव उतरले, आणि त्यांच्या मागून गोवर्धन. तो येईल असं ठरलं नव्हतं. रविवार होता, रागिणी घरीच होती. मी ओसरीवर लक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या करत होते. माझ्या महालक्ष्म्या माझ्या हातानंच नेसतात, दुसऱ्याच्या निऱ्या मला चालत नाहीत.

गोवर्धन पायरीखाली येऊन उभा राहिला. गोड हसला. "कशा आहात, आई?" आणि थांबला. आमच्याकडं जावई दारात आला की सासू पायावर पाणी घालते, मग तो वर येतो. त्यासाठीच थांबला होता. आरतीनं सवयीनं तांब्या उचलला.

"ठेव तो," मी म्हटलं.

मग त्याला म्हटलं, "पाय धुवाचे असतील तर नळ तिकडी हाये, गोठ्याजवळ."

त्याचं हसू गेलं नाही, पण जागेवर अडकलं. उत्तमराव पुढं झाले. "मैनाबाई, घाईत आलो. पोरगी तयार असली म्हणजे निघतो. तुमी शब्द दिला होता."

"दिला होता. वापस घेतो."

"असं कसं? तुमच्यासारख्या बाईनं..."

"माह्यासारख्या बाईनं दुसऱ्याची वस्तू कबूल केली होती. हात तिचे हायेत. कोणाले जोडायचे ते तिचं तिनं पाहाव."

"मंग सोयरे विचारतील," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. "ते तीन दिवस..."

"रिद्धपूरले होती. आश्रमात. ज्या बाईनं नेलं तिचं नाव सांगू? का तिच्या ओसरीवर बकरी कोणत्या रंगाची हाये ते सांगू? तुमच्या सोयऱ्याइचा पत्ता द्या, मी स्वतः जातो सांगाले. अर्धंच तिकीट लागते मले. अन् गेली म्हणजे सगळंच सांगीन. तुमच्या घरी दिवा लागल्यावर देव्हाऱ्याखाली खुर्ची कोण टाकते, अन् सुनेच्या ताटात मीठ किती पडते, तेबी सांगीन. त्याइलेबी पोरगी हाये."

उत्तमराव मुलाकडं पाहायला लागले. खुर्चीचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. जाणून घ्यायला आवडेल.

गोवर्धन माझ्याकडं पाहतच नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात रागिणी येऊन उभी राहिली होती, तिच्याकडं पाहत होता. "काय सांगून ठेवलं तू घरात?" आवाज खाली, पण हा तो आवाज असावा, कारण आरती एक पाऊल मागं सरली. तो पायरी चढला.

मी उठून दारात उभी राहिले. माझे गुडघे दुखतात, उठायला वेळ लागतो, पण एकदा उभी राहिले की दार भरून जातं.

रागिणी माझ्या मागून बोलली. "जे झालं थे सांगतलं. जास्त नाही, कमी नाही. लागलं तर कोर्टातबी तेच सांगीन." शब्द गळाला नाही एकही.

उत्तमरावांनी मुलाच्या दंडाला धरलं. गाडी वळवायला त्यांना तीनदा मागंपुढं करावं लागलं, गल्ली अरुंद आहे. मी तोवर दारातच उभी होते. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी आल्या होत्या. मी म्हटलं, "पायलं ना सगळं? आता नीट सांगजा लोकाइले, अर्धं सांगू नका."

आत आले. आरतीनं पाणी दिलं. अमोल शेतातून यायचा होता. लक्ष्म्यांच्या साड्या ओसरीवर तशाच पडल्या होत्या. रागिणी भिंतीला टेकून उभी होती, हात ओढणीत गुंडाळलेले. माझं काय चुकलं हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. पण आमच्या घरात अशा गोष्टी भाजी वाढून, तूप जास्त घालून सांगतात. मी तसं करणार होते. मग वाटलं, नको. वाढलेल्या ताटावरच तर सगळं बिघडलं होतं.

"रागिणी," मी म्हटलं, "इकडी ये, समोर बस. आरती, तूबी आयक, म्हणजे उद्या मले नाही म्हणता येणार नाही. पोरी, तू हट्टी हायेस, अन् लपवून ठेवणारी हायेस. तीन दिवसांचं मले आधी सांगतलं असतं तर मी त्या माणसाले शब्दच दिला नसता. हे तुहं चुकलं. तुहा देव मले समजला नाही, अन् या वयात समजाचाबी नाही. माह्या लक्ष्म्या उद्या घरात येतील, मी त्याइच्या पाया पडीन, तू पडू नको. पण अकोल्याचं तू खरी होती अन् मी खोटी. ताटाचंबी तसंच. ते मी चुकून नाही केलं, जाणून केलं. तुह्यात काही खोट नाही, रागिणी. खोट तुले दोनदा गाडीत बसवून देणारीत होती."